पक्की वही

१२ जानेवारी

ठमे,

पार्सलमध्ये वही आहे. आत मेणकापड, वर जुना टॉवेल. टॉवेल धुतलेला आहे, वापरायला ठेव. वहीचे कोपरे आधीपासूनच दुमडलेले होते, त्यावरून पोस्टाच्या माणसाशी भांडू नकोस.

मावशीने तुला सांगितलं, आणि मग मला येऊन सांगितलं की तिने तुला सांगितलं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे काही आज कळलेलं नाही. चपला काढायच्या आधी दारातूनच सुरू झाली, "पोरगी मास्टर्सचा प्रबंध बापाच्या केटलवर लिहितेय, नि तू त्याची वही ट्रंकेत घालून वर गाद्या रचून बसलीस? आई आहेस की सासू?" मी म्हटलं, आधी आत ये, मग शिव्या दे.

चार वर्षांपूर्वी, चौकशीची माणसं येऊन गेली त्या आठवड्यात, तू मला विचारलं होतंस, बाबांनी लिहिलेलं घरात काही आहे का. मी नाही म्हटलं. होतं. मी तुझ्याशी खोटं बोलले. एवढं लिहायला मला सकाळपासून आतापर्यंत लागलं, आता दुपारचे दोन वाजलेत.

वही घरी कशी राहिली ते तुला तिथे विचारतील, म्हणून लिहून ठेवते. प्लांटवर रसायन शिजवायच्या त्या मोठ्या केटलजवळ उभं राहून दर अर्ध्या तासाला आकडे चिठ्ठीवर टिपायचे. केटल किती गरम, तिच्याभोवतीच्या पाण्याच्या जाकिटात जाणारं पाणी किती, बाहेर येणारं किती. चिठ्ठ्यांना तेल लागायचं, आम्लाने भोकं पडायची, म्हणून घरी आणून ते आकडे पक्क्या वहीत उतरवायचे आणि चिठ्ठ्या फाडून टाकायच्या. शनिवारी वही साहेबांच्या टेबलावर, सोमवारी परत. तुझे बाबा गेले तो गुरुवार होता. वही घरी होती. चौकशीवाले म्हणाले, ती प्लांटवर जळाली असणार. मी हो म्हटलं नाही. चहा टाकायला उठले.

तू तेव्हा म्हणाली होतीस, "सगळ्या जगाचं वाचतेस, आणि त्यांनी पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही करतेस." अपघात ऑपरेटरच्या चुकीने झाला, आमची काही तक्रार नाही, असा तो कागद. मी वाचला होता, ठमे. दोनदा वाचून सही केली. त्याबद्दल आज नको.

तुझं दुसऱ्या वर्षाचं उष्णतेचं पुस्तक इथेच राहिलंय. दवाखान्याच्या खिडकीत लोकांचे केसपेपर लिहून घरी आले की शब्दकोश मांडीवर घेऊन रोज दोन पानं वाचते. गणित आलं की पान उलटते, मग लाज वाटून परत मागे येते.

वही पोचल्याचं कळव. एक ओळ पुरे.

आई


३ मार्च

ठमे,

मी एक ओळ मागितली होती, तू सात दिल्यास. मावशी म्हणाली, "चार वर्षांनी सात ओळी, म्हणजे वर्षाला पावणेदोन. पिकतंय हळूहळू."

तू लिहिलंस, बाबांचं अक्षर पाहिलं आणि तासभर काही वाचलंच नाही, नुसती पानं उलटत बसले. तिथपर्यंत वाचून मी पत्राची घडी घातली. उरलेलं दुसऱ्या दिवशी वाचलं.

प्रबंधाचं तू मावशीला फोनवर सांगतेस ते ती मला तिच्या भाषेत सांगते, आणि तिच्या भाषेत सगळ्याच यंत्रांचं डोकं फिरलेलं असतं. म्हणून मला जे समजलंय ते लिहिते, चुकलं तर सांग. आत जाणारं पाणी किती थंड आणि बाहेर येणारं किती कोमट, यावरून जाकीट केटलमधली उष्णता किती खेचतंय ते काढता येतं. पक्क्या वहीत शेवटच्या बुधवारपर्यंत केटल पंचावन्न ते अठ्ठावन्न अंशांच्या मध्ये आहे. म्हणजे जाकीट ठीक होतं, बाबा माल बेताने सोडत होते, सगळं नेमात होतं. गुरुवारी एकाएकी पाणी बंद पडलं, त्यात केटल भडकली. म्हणजे दोष पंपाचा, ऑपरेटरचा नाही. आणि हे तू मास्टर्सच्या प्रबंधात, परीक्षकांच्या सह्यांसकट, सिद्ध करणार. म्हणजे तो चौकशीचा कागद खोटा ठरेल.

बरोबर समजलं ना?

वही पाच महिन्यांची आहे आणि एकही खाडाखोड नाही, असं तू लिहिलंस. कौतुकाने लिहिलंस. तुझ्या बाबांना खाडाखोड आवडत नसे. मी या घरात आले तेव्हा मला फक्त स्वतःची सही करता यायची आणि बसच्या पाट्या अंदाजाने ओळखता यायच्या. त्यांनी मला जुन्या तक्त्यांच्या पाठकोऱ्या कागदांवर शिकवलं. "आधी आकडे शीक. अक्षरं कुठे पळून जात नाहीत, आकडे जातात." समोर त्यांचा आकडा, खाली माझा. महिनाभर फक्त सात काढायला लावला होता. तू शाळेत माझी चिठ्ठी नेलीस की तुझ्या बाई विचारायच्या, वडिलांनी लिहिलीय का. तू चिडायचीस.

आमच्या खोलीचं छत गेल्या पावसाळ्यात गळलं नाही. मालकाने डांबर लावून घेतलं, तीनदा आठवण केल्यावर. खालच्या मजल्यावरची बाई पुस्तकं मागायला येते, परत आणून देते, कोपरे दुमडत नाही. म्हणजे जग अगदीच बुडालेलं नाही.

तब्येतीला जप. डोळे दुखत असतील तर चष्म्याचा नंबर तपासून घे, तुला तेवढं करायचा आळस आहे.

आई


२० एप्रिल

ठमे,

या वेळी चार पानं. पाकीट हाताला जाड लागलं तेव्हा वाटलं काहीतरी परत आलंय.

गाईडबाईंचं बोलणं तू जसंच्या तसं लिहिलंस ते बरं केलंस. त्या म्हणाल्या, "हे आकडे फार शहाणे आहेत गं. खरं थर्मामीटर असं वागत नाही. मध्येच शिंकतं." आणि तू म्हणालीस, "मॅडम, माझे बाबा अठरा वर्षं एकाच केटलवर होते. ती त्यांच्यासमोर शिंकायची नाही." त्या हसल्या म्हणे. मग म्हणाल्या, "बरं. चौदा जूनला परीक्षकांसमोर हेच सांग. पण प्रबंधात स्वच्छ लिही, आकडे कुणी घेतले, कुणी लिहिले. लिहिलंस की त्याची जबाबदारी तुझी."

आणि तू लिहिलंस. ते वाक्य मुद्दाम माझ्यासाठी उतरवून पाठवलंस: "सर्व नोंदी ऑपरेटरने स्वतः घेतल्या असून स्वतः लिहिल्या आहेत." खाली लिहिलंस, आई, हे वाक्य टाईप करताना पहिल्यांदा वाटलं की मी हा कोर्स कशासाठी केला.

मी ते दोन दिवस कपाटाच्या दाराला लावून ठेवलं होतं. आज काढलं.

तुला बाबांच्या हाताचं माहीत नाही. तू होस्टेलवर होतीस. शेवटच्या दीड वर्षात त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. आधी करंगळी, मग पंजा. मला म्हणायचे, "कप अर्धाच भर. उरलेला अर्धा बशीला आपोआप मिळतो." तू सुट्टीत यायचीस तेव्हा हात खिशात. तू चेष्टा केली होतीस, बाबा, हल्ली फार रुबाबात चालता. ते म्हणाले, "मुलगी इंजिनिअर होतेय, चालायला नको का?" तू आत गेल्यावर हात खिशातून काढून उशीखाली दाबून बसले.

प्लांटवर कळलं असतं तर त्यांना केटलवरून काढून गोदामात बसवलं असतं. ते म्हणायचे, "अठरा वर्षं तिला सांभाळली, आता म्हातारपणी पोती मोजू?" कारखान्याच्या डॉक्टरकडे जायचंच नाही असं ठरवलं होतं, आणि बाहेरच्या डॉक्टरकडे जायचं ठरवता ठरवता राहिलं. व्हॉल्व्ह फिरवताना हात थरथरत नाही, म्हणायचे. काहीतरी घट्ट धरलं की थांबतो. पेन्सिल काही तशी घट्ट धरता येत नाही. चिठ्ठीवरचे आकडे म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखे. मलाच ते कळायचे, म्हणून मी वाचून द्यायचे.

आता तुला एक विचारायचंय, आणि तुझ्याइतकं शिकलेलं माझ्याजवळ कुणी नाही. समज, एवढ्या आकड्यांत एखाददुसरा चुकीचा निघाला. तर तेवढ्याने सगळं पडतं का?

आई


९ मे

ठमे,

तुझं उत्तर आलं त्याला आठ दिवस झाले.

तू लिहिलंस, एखाददुसऱ्याने काही बिघडत नाही. चुका वर होतात तशा खाली होतात, आणि एकमेकींना खातात. पण कुणी ठरवून एकाच बाजूला बदलले असतील, तर ती वही रद्दी. आणि खाली नुसतं एवढंच: का विचारतेस?

ती वही मी लिहिली आहे. पाचही महिने. त्याआधीच्या दोन वह्याही.

ते चिठ्ठ्या आणायचे, मी जेवणं झाल्यावर दिव्याखाली बसून उतरवायचे. आमच्या दोघांचा आकडा एकच आहे, त्यांनीच शिकवलेला, म्हणून साहेबांना कळलं नाही, तुलाही कळलं नाही. सुरुवातीला चिठ्ठीत आहे तेच लिहायचे. पण चिठ्ठीत रोज दोन-तीन जागा कोऱ्या असायच्या. माल सोडायच्या वेळी ते व्हॉल्व्हवरून हलत नसत, आणि पेन्सिल धरायचा वैताग असायचा तो वेगळाच. मी विचारलं, इथे काय घालू? म्हणाले, "मागचा बघ, पुढचा बघ, मधला घाल." तसा घालायला लागले. मग माझ्या लक्षात आलं, सारखा बरोबर मधला घातला तर बनवल्यासारखा दिसतो. म्हणून कधी एक वर, कधी एक खाली. ठमे, मला ते काम आवडायचं. पान भरलं की लांब धरून बघायचे. तुझ्या गाईडबाई ज्याला शहाणपण म्हणाल्या ते माझं आहे.

एवढंच असतं तर कदाचित एकमेकींना खाणाऱ्या चुकांत बसलं असतं. मी तुझ्या पुस्तकात शोधलं, बसतं का ते.

शेवटच्या सात आठवड्यांतली गोष्ट. केटल साठच्या वर जाऊ द्यायची नाही, हा तिथला नियम. एका चिठ्ठीवर केटलपुढे ६८ होतं. मला वाटलं, थरथरत्या हाताने पाचाचा सहा झाला. ते खुर्चीत झोपले होते, दमून आलेल्या माणसाला एका आकड्यासाठी काय उठवायचं, म्हणून मी ५८ लिहिलं. पुढच्या आठवड्यात ६६ आणि ६८. तिथेही मी छप्पन्न आणि अठ्ठावन्न केले. मग ते होतच राहिलं. एकूण किती, ते आज सांगता येणार नाही. सगळे खालीच ओढले, वर एकही नाही. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. ते माझ्यावर सोडून निर्धास्त होते.

म्हणजे केटल सात आठवडे तापत होती आणि वहीत ती गार होती. चौकशीच्या कागदावर मी सही का केली ते आता तुला कळलं असेल. लढले असते तर वही मागितली असती.

फिटरची बायको दवाखान्यात येते, गुडघ्यांसाठी. तिचा नवरा त्या गुरुवारी वर गेला होता कारण बाबांनीच त्याला बोलावलं होतं, व्हॉल्व्ह कडक झालाय म्हणून. तो भाजून चौथ्या दिवशी गेला. ती खिडकीत मला बघितलं की रांग सोडून पुढे येते, आणि रांगेतल्या बायका ओरडल्या की म्हणते, "आमच्या दोघींचा नंबर एकच लागला होता, तुम्ही गप बसा." माझा हात धरते. मी तिचा केसपेपर लिहिते आणि वर बघत नाही.

प्रबंधातलं ते वाक्य काढ. चौदा तारीख यायच्या आत काढ. वहीत अमुक आहे असं परीक्षकांसमोर छाती ठोकून सांगू नकोस. तुझं शिक्षण जाईल ते माझ्यामुळे जाईल, पण तुझ्या तोंडून खोटं जायला नको. आमच्या घरात खोटं बोलणारं एक माणूस पुरे झालं.

माफ कर असं लिहिणार नाही. ते मागायला तोंड लागतं.

आई


२ जून

ठमे,

तुझं पत्र नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं.

मावशी म्हणते, तू चौदा तारखेची परीक्षा पुढे ढकलायला अर्ज दिलास आणि तिच्याशीही दोन मिनिटांच्या वर बोलत नाहीस. मला म्हणाली, "काय लिहिलंस तिला?" मी म्हटलं, खरं. ती म्हणाली, "मग चार वर्षं गप्प बसायला जमलं होतं ते आत्ताच काय झालं?" मी तिला ते वाक्य सांगितलं, स्वतः घेतल्या असून स्वतः लिहिल्या आहेत. ती पिशवी उचलून गेली. दुसऱ्या दिवशी येऊन माझी भांडी घासून गेली, मी नको म्हणत असताना.

पुस्तकात मी जाकिटाच्या धड्याला पोचले आहे. पाण्यातला क्षार आतून बसत जातो. नखाएवढा थर बसला तरी उष्णता बाहेर पडत नाही. आतून उघडून आम्लाने धुतलं की चार दिवसांत साफ होतं. चार दिवस केटल बंद ठेवायची, एवढंच. त्यासाठी कुणीतरी टेबलावर बसून ६८ वाचायला हवं होतं. हे गणित मी न उलटता वाचलं.

जेवत जा.

आई


२४ जून

ठमे,

वहीची झेरॉक्स आणि अकरा प्रश्न मिळाले. वर आई नाही, खाली तुझं नाव नाही. चालेल. प्रश्न बघून मला बरं वाटलं. रद्दी असती तर कुणी इतकं विचारलं नसतं.

गाईडबाईंना तू सगळं सांगितलंस, आणि त्या म्हणाल्या की सहा महिने घे, पण आधी त्या बाईकडून प्रत्येक पान तपासून आण, खोटे आकडे कुठले ते कळलं तर खऱ्यांचा उपयोग आहे. "त्या बाई" म्हणजे मी. तुझ्या हस्ताक्षरात ते वाचायला जड गेलं, पण शब्द बरोबर आहे.

पानं तपासली. सुट्टी टाकून नऊ दिवस बसले. जे चिठ्ठीतून उतरवल्याचं नक्की आठवतं त्यांना हात लावलेला नाही. मधले घातलेले आहेत त्यांच्याभोवती निळा गोल. बदललेले, त्यांच्याभोवती लाल, आणि बाजूला खरा आकडा, आठवतो तिथे. आठवत नाही तिथे प्रश्नचिन्ह. मी अंदाजाने काही भरलेलं नाही. भरावंसं वाटलं, दोन-तीन जागी फार वाटलं, पेन खाली ठेवून उठले. लाल गोल एकतीस आहेत. त्यातल्या बावीस जागी खरा आकडा लिहू शकले. पाण्याचे आकडे मी कधीच बदलले नाहीत, त्यांच्यावर नियम नव्हता. फक्त कोऱ्या जागी मधले घातलेत, तेवढे निळे आहेत. उरलेले धरून चालत असेल तर चालव.

पहिल्या नऊ प्रश्नांची उत्तरं त्या पानांवरच त्या त्या जागी लिहिली आहेत.

दहावा, चिठ्ठ्या खरंच फाडल्या का. फाडल्या. एकही उरली नाही. बाबांच्या शर्टाचे खिसेही बघितले, चार वर्षांपूर्वी आणि आता पुन्हा.

अकरावा. बाबांना माहीत होतं का.

मेच्या पत्रात मी लिहिलं की ते खुर्चीत झोपले होते आणि त्यांना काही माहीत नव्हतं. पहिल्या वेळी झोपले होते हे खरं आहे. दुसऱ्या आठवड्यात जागे होते. तुला मी माझ्या वाटणीचं दिलं आणि त्यांच्या वाटणीचं झाकलं, कारण तुझ्यापाशी त्यांचं चांगलं एवढंच उरलंय असं मला वाटलं. पण तू विचारलंस, आणि तू ते परीक्षकांसमोर मांडणार आहेस.

दुसऱ्या आठवड्यात मी म्हटलं, "इथे ६८ आहे. मागच्या आठवड्यात होतं तेही ६८ च होतं का?"

ते म्हणाले, "तू काय लिहिलंस?"

"अठ्ठावन्न."

त्यांनी चष्मा मागितला, मागचं पान काढून बघितलं. मग म्हणाले, "तरीच."

मी विचारलं, तरीच काय. तर म्हणाले, ते सोमवारी साहेबांकडे गेले होते. सांगितलं, जाकीट तुंबलंय, केटल तापतेय, उघडून धुवायला हवी. साहेबांनी वही पुढे ओढली, बोट फिरवलं आणि म्हणाले, "वहीत तर काही दिसत नाही. तुझ्या वहीत नाही ते तुझ्या तोंडात कुठून आलं?" ते तसेच परत आले. त्यांना वाटलं साहेबांनी नीट वाचलं नाही.

मी म्हटलं, मग आता खरं लिहिते. उद्याच्या उद्या नेऊन दाखवा.

तुला तिथली एक रीत माहीत नसेल. साठच्या वर आकडा गेला की ऑपरेटरला खुलासा लिहावा लागतो. साहेबांच्या केबिनमध्ये, त्यांच्या टेबलाशी उभं राहून, त्यांच्यासमोर, स्वतःच्या हाताने. घरून लिहून आणलेला चालत नाही. पूर्वी कुणीतरी दुसऱ्याकडून लिहून आणले होते म्हणून तसं ठरलं. ते म्हणाले, "मला तिथे उभ्याने एक ओळ लिहिता येणार नाही. आणि लिहिली तरी विचारतील, मग मागच्या आठवड्यातला अठ्ठावन्न कुणी लिहिला."

मी म्हटलं, "सांगा, बायकोने."

त्यावर ते हसले. म्हणाले, "म्हणजे हातही गेला, वहीही गेली. पोती मोजायला लागेन तेव्हा तूच येशील का शेजारी, वही घेऊन?" मग हसू गेलं. म्हणाले, "मी माल हळू सोडतो. पाइपला हात लावून मला कळतं. वर्षअखेरीला ते स्वतःच उघडतील तिला. तोवर अठ्ठावन्नच लिही."

मी लिहिलं. वर्षअखेरीला दहा आठवडे होते. सांभाळलं त्यांनी पाच.

म्हणून तुझ्या अकराव्या प्रश्नाचं उत्तर: हो. आणि त्यांनी तोंडी सांगितलं होतं, आणि त्यांचं ऐकलं गेलं नाही, हेही हो. ते ऐकलं गेलं नाही ते माझ्या आकड्यामुळे. साहेब हे कबूल करणार नाहीत, आणि माझ्याकडे त्याचा कागद नाही. तुला यातून कुणा एकाला सोडवून काढायचं असेल तर मला जागा दिसत नाही. मी रोज शोधते.

फिटरच्या बायकोला मी परवा सांगितलं. तिच्या घरी जाऊन सांगितलं, खिडकीतून नाही. ती म्हणाली, "तुम्ही हे मला का सांगताय?" मी म्हटलं, प्रबंधात छापून येईल, त्याआधी तुम्हाला माहीत असावं. तिने दार लावलं नाही, पण मला बसही म्हणाली नाही. आज दवाखान्यात आली तर रांगेत उभी राहिली, तिचा नंबर येईपर्यंत. मी केसपेपर लिहिला. या वेळी वर बघितलं.

कुठल्याही आठवड्याचं शेवटचं पान नीट बघ. झेरॉक्समध्ये फिकं आलंय, मूळ वही तुझ्याकडे आहे, तिच्यात बघ. दर आठवड्याच्या शेवटी खाली सही आहे. शनिवारी सकाळी निघायच्या आधी ते टेबलाशी बसायचे, मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहून कोपर दोन्ही हातांनी घट्ट धरायचे, तेव्हा सही जमायची. तेवढी त्यांच्या हातची आहे. त्या बोलण्यानंतरच्या पाचही शनिवारी त्यांनी सगळं पान वरपासून खालपर्यंत वाचलं आणि मग सही केली.

वरचं सगळं माझं, खालची सही त्यांची. प्रबंधात दोघांचं लिही.

आई